फवारणीच्या ड्रोनची उड्डाणनोंद : कुलूप कोणाचे, चावी कोणाकडे?



आडसाली ऊस डोक्यावर गेला की त्यात पाठीवरचा पंप घेऊन शिरणे किती जिकिरीचे असते, हे कृष्णा-वारणेकाठच्या माणसाला सांगायला नको. पाने अंगाला कापतात, औषध तोंडावर येते आणि गडी मिळत नाही ते वेगळेच. म्हणून कराड, वाळवा, पलूसपासून फलटणपर्यंत भाड्याचे ड्रोन शिवारात दिसू लागले. एक माणूस बांधावर उभा राहतो, यंत्र वर उडते आणि चहा पिऊन होईतो एकराची फवारणी उरकते. काम झाले, पैसे दिले, ड्रोनवाला मोटारीत बसून गेला. आपण म्हणतो, झाले.

पण एक गोष्ट तो सोबत घेऊन गेलेला असतो. ती म्हणजे आपल्या शेतावरच्या उड्डाणाची नोंद. इंग्रजीत तिला फ्लाइट लॉग म्हणतात. ही नोंद पुष्कळदा कुलूपबंद असते आणि चावी ना आपल्याकडे असते, ना ड्रोनवाल्याकडे. उद्या बांधावर वाद निघाला, विम्याचा प्रश्न आला किंवा द्राक्षाच्या मालाची तपासणी लागली, तर हीच नोंद कामी येते. म्हणून तिची माहिती करून घेऊ.

नोंदीत काय काय असते?

ड्रोनच्या पोटात एक छोटा संगणक असतो. यंत्र सुरू झाल्यापासून ते जमिनीवर टेकेपर्यंत तो सेकंदाला अनेक वेळा लिहीत राहतो. ड्रोन कोणत्या अक्षांश-रेखांशावर आहे, किती उंचीवर आहे, वेग किती, तोंड कोणत्या दिशेला, बॅटरीत जोर किती, चालकाने कांडी कुठे ढकलली, कोणता इशारा आला हे सारे त्यात उतरते. फवारणीचा ड्रोन असेल तर पंप कधी चालू झाला, कधी बंद झाला, मिनिटाला किती औषध पडले आणि किती क्षेत्र झाले हेही पुष्कळ यंत्रांत नोंदले जाते. साखर कारखान्याच्या काट्यावर गाडीची जशी पावती निघते, तशी ही आकाशातल्या गाडीची पावती समजा.

ही पावती एकाच जागी नसते. एक प्रत ड्रोनच्या स्मरणपेटीत असते. दुसरी चालकाच्या हातातल्या रिमोटमध्ये किंवा मोबाइलमध्ये राहते. तिसरी प्रत, मोबाइल इंटरनेटला जोडला की, यंत्र बनवणाऱ्या कंपनीच्या दूरच्या संगणकावर जाते. ड्रोनमधली जागा भरली की नवी नोंद जुन्या नोंदीवर चढते. म्हणजे महिन्याभराने जाग आली तर ड्रोनमधली प्रत पुसलेली असण्याचा संभव असतो. हे नीट ध्यानात ठेवा.

कुलूप म्हणजे काय?

काही ड्रोनची नोंद उघडी असते. जगभरच्या कारागिरांनी मिळून तयार केलेली आर्डूपायलट आणि पीएक्स-फोर अशी दोन उड्डाणप्रणाली प्रसिद्ध आहेत आणि त्यांची नोंद फुकट मिळणाऱ्या प्रणालीत वाचता येते. आपल्याकडचे काही ड्रोन अशा प्रणालींवर चालतात. गावातला संगणक जाणणारा पोरगाही ती उघडून नकाशावर रेघ काढून दाखवील.

काही कंपन्या मात्र नोंदीला सांकेतिक कुलूप घालतात. याला इन्क्रिप्शन म्हणतात. नोंदीतील आकडे एका गुप्त संख्येच्या साहाय्याने असे उलटेपालटे करतात की उघडून बघितले तर नुसता कचरा दिसतो. ती गुप्त संख्या म्हणजे चावी. चावी असली की आकडे पुन्हा जागेवर येतात. आता तुम्ही म्हणाल, हे म्हणजे आजोबांच्या मोडीतल्या कागदासारखे झाले. तसे नव्हे. मोडी जाणणारा कोणीही तो कागद वाचू शकतो. इथे मात्र लिपी ठाऊक असून भागत नाही, त्या एका नोंदीची नेमकी चावीच लागते. नीट बसवलेले कुलूप अंदाजाने चाव्या लावून उघडू म्हटले तर जन्म पुरणार नाहीत.

चीनच्या डीजेआय कंपनीचे उदाहरण घ्या. ही जगातली सर्वांत मोठी ड्रोन कंपनी. तिच्या मोबाइलमधील उड्डाणनोंदी पूर्वी बाहेरच्या लोकांनी बनवलेल्या प्रणालींत सहज वाचता येत. पुढे कंपनीने नोंदीचा नमुना बदलला. नव्या नमुन्यात चावी कंपनीच्या संगणकाकडून मागून घ्यावी लागते, आणि ती मागण्यासाठी बाहेरच्या प्रणालीवाल्याला कंपनीकडे नाव नोंदवून परवाना घ्यावा लागतो. फाइल आपल्या खिशात आणि चावी परदेशी, असा हा मामला.

कुलूप वेगळे, मोहोर वेगळी

इथे पुष्कळांची गल्लत होते. कुलूप लावल्याने दुसऱ्याला वाचता येत नाही. मोहोर लावल्याने दुसऱ्याला बदल करता येत नाही, केला तर तो उघडा पडतो. लाखेची मोहोर लावलेले पाकीट आठवा. पाकिटातला मजकूर कोणी वाचला की नाही हे सोडा, मोहोर मोडली का हे लगेच कळते.

आपल्या देशात २०१८ च्या नियमावलीत "परवानगी नाही तर उड्डाण नाही" अशी पद्धत आणली होती. त्या पद्धतीत ड्रोनने आपली उड्डाणनोंद डिजिटल सहीने मोहोरबंद करायची असे ठरले. कोठे उडाला, कोठे उतरला, नेमून दिलेली हद्द किंवा वेळ ओलांडली का, हे त्यात यायचे. पुढे २५ ऑगस्ट २०२१ रोजी नवे ड्रोन नियम आले. त्यांत पुष्कळ सूट दिली गेली आणि ही अट पुढे सरकार वेगळे जाहीर करील तेव्हा लागू व्हायची, असे ठेवले. विचार मात्र मोलाचा आहे. बांधाच्या वादात आपल्याला कुलपापेक्षा मोहोरेची गरज जास्त असते.

मोहोरेसारखीच आणखी एक सोपी युक्ती आहे. तिला हॅश म्हणतात. आपण तिला "नोंदीचा अंगठा" म्हणू. संगणक संपूर्ण फाइलचा हिशेब करून एक लांबलचक अक्षर-अंकांची ओळ काढतो. फाइलमधला एक आकडा जरी बदलला तरी अंगठा पार बदलतो. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष अधिनियमात, संगणकावरचा पुरावा कोर्टात द्यायचा तर कलम ६३ प्रमाणे जे प्रमाणपत्र जोडायचे, त्याच्या नमुन्यात हा हॅश लिहिण्याची जागाच ठेवलेली आहे. तेव्हा नोंद घेतली त्याच दिवशी तिचा अंगठा काढून कागदावर लिहून दोघांच्या सह्या घेतल्या, तर पुढे "तुम्ही फाइल बदलली" म्हणायला कोणाला जागा राहत नाही.

बांधाला ऊस, बांधाला द्राक्ष

आता मुद्द्याचे बोलू. समजा, पलूस-तासगावकडच्या एका शिवारात अलीकडे पूर्वहंगामी ऊस आहे आणि पलीकडे द्राक्षबाग. ऑक्टोबर छाटणी होऊन बाग फुटली आहे, घड निघाले आहेत. इकडे उसात तण माजले म्हणून मालकाने २,४-डी हे तणनाशक फवारले. हे औषध रुंद पानांच्या तणावर चालते, उसाला सोसते, पण द्राक्षवेलीला अजिबात सोसत नाही. वाऱ्याबरोबर बारीक तुषार गेले तरी आठ-पंधरा दिवसांत कोवळी पाने पंख्यासारखी होतात, शिरा जवळ येतात, कडा दातेरी होतात आणि मणी धरण्यावर परिणाम होतो. वर्षाचे उत्पन्न, औषधांचा खर्च, सोसायटीचे कर्ज सारे त्या घडांवर टांगलेले असते.

तणनाशकाबाबत एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो. केंद्रीय कृषी मंत्रालयाने डिसेंबर २०२१ मध्ये ड्रोन फवारणीची कार्यपद्धती जाहीर केली. ड्रोनने कोणते औषध मारायला मान्यता आहे, हे लेबलवरून आणि कृषी खात्याकडून खात्री करून घेतल्याशिवाय टाकी भरू देऊ नका. द्राक्षाच्या, भाजीच्या किंवा इतर रुंद पानांच्या पिकाच्या शेजारी ड्रोनने तणनाशक मारण्याचा विचार सोडूनच द्यावा.

पण समजा, नुकसान झालेच. बागाईतदार म्हणतो, ड्रोन माझ्या बागेवरून गेला. ऊसवाला म्हणतो, बांध ओलांडलाच नाही. ड्रोनवाला म्हणतो, मी त्या दिवशी आलोच नव्हतो. अशा वेळी कोण खरे हे नोंद सांगू शकते. ड्रोन कोणत्या वेळी, कोणत्या रेघेने, किती उंचीवरून गेला आणि पंप कोठे चालू होता ते त्यात असते. मात्र नोंद कुलूपबंद असेल आणि चावी कंपनीकडे असेल तर बागाईतदार, ऊसवाला, पंच आणि कृषी अधिकारी असे सगळे एका बंद पेटीभोवती उभे राहतात.

नोंद सारेच सांगत नाही

नोंदीवर डोळे मिटून विसंबूही नये. तीन गोष्टी तपासाव्यात.

पहिली, जागेची अचूकता. साध्या जीपीएसमध्ये दोन-तीन मीटरांचा फरक पडू शकतो. म्हणजे बांधाच्या अलीकडे की पलीकडे, हे साध्या जीपीएसच्या रेघेवरून ठामपणे ठरवता येत नाही. आरटीके नावाची जोड असेल तर फरक काही सेंटिमीटरवर येतो. नोंद कोणत्या पद्धतीची आहे हे आधी विचारावे.

दुसरी, वेळ. पुष्कळ नोंदींत वेळ ग्रीनिचची असते. आपली वेळ तिच्यापुढे साडेपाच तास. नोंदीत रात्रीचे १ वाजून ४० मिनिटे दिसली, तर आपल्याकडे सकाळचे ७ वाजून १० मिनिटे झालेली असतात. हे न समजता कोणी "रात्री चोरून फवारले" म्हणून भांडण उकरून काढील, ते टाळावे.

तिसरी, वारा. नोंद ड्रोन कोठे होता ते सांगते, औषधाचा थेंब कोठे गेला ते सांगत नाही. ड्रोन आपल्याच हद्दीत राहूनही जोराच्या वाऱ्यात तुषार शेजारी जाऊ शकतात. म्हणून त्या दिवशीचा वारा, फवारणीची उंची, औषधाचे नाव आणि शेतातली लक्षणे यांच्याबरोबरच नोंद वाचायची असते. नोंद हा एक साक्षीदार आहे. तो न्यायाधीश नव्हे.

तिसरा माणूस कोण कोण?

ड्रोनवाला आणि आपण हे दोघे सोडून नोंदीत डोकावणारा तो तिसरा. या तिसऱ्यांची यादी मोठी आहे. यंत्राची कंपनी आहे, विमा कंपनी आहे, पोलीस आहेत, शेजारी आहे. साखर कारखाना, द्राक्षाचा निर्यातदार, औषधविक्रेता हेही आहेत.

सरकारही आहे. महिला बचत गटांना ड्रोन देण्याच्या "नमो ड्रोन दीदी" योजनेला केंद्रीय मंत्रिमंडळाने नोव्हेंबर २०२३ मध्ये मान्यता दिली. ८० टक्के, पण जास्तीत जास्त ८ लाख रुपये अनुदान आणि गटातील एका भगिनीला पंधरा दिवसांचे प्रशिक्षण, अशी तिची रचना. या योजनेच्या मार्गदर्शक सूचनांत प्रत्येक ड्रोनच्या वापराची माहिती एका सरकारी पोर्टलवर दिसावी अशी तजवीज आहे. अनुदानाचे यंत्र खरेच शेतात चालते की कोठारात धूळ खाते, हे पाहण्यासाठी ते योग्यच आहे. गटातील भगिनींना मात्र आपल्या ड्रोनची कोणती माहिती कोठे जाते हे ठाऊक असावे.

काही तिसऱ्यांचे डोकावणे आपल्या फायद्याचे असते. द्राक्ष निर्यातीच्या बागेला फवारणीची वही ठेवावीच लागते. औषधाचे अंश मालात किती उरले हे परदेशी तपासले जाते. काढणीआधी किती दिवस फवारणी बंद होती हे सांगताना उड्डाणनोंद आपल्या वहीला दुजोरा देते. विम्याचेही तसेच. अपघात झाला तर नोंदीशिवाय दावा पुढे सरकणे कठीण. ड्रोन नियमांप्रमाणे अपघाताची खबर चालकाने ४८ तासांच्या आत नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाला द्यायची असते, आणि २५० ग्रॅमपर्यंतचे खेळण्याएवढे ड्रोन सोडले तर बाकीच्यांना तृतीय पक्ष विमा लागतो. फवारणीचे सारे ड्रोन त्यात आले.

काही डोकावणे मात्र आपल्या तोट्याचे. आपल्या शेताची नेमकी हद्द, पिकाचे क्षेत्र, रोग कधी आला, कोणते औषध किती वेळा मारले आणि आपला मोबाइल नंबर एवढे एकत्र झाले, की ते माल घेणाऱ्या व्यापाऱ्याच्या उपयोगाचे होते. बागेत भुरी दोनदा आली हे सौद्याआधीच त्याला कळले तर भाव कोण पाडील, हे सांगायला ज्योतिषी नको.

म्हणजे कुलूप वाईट नाही. परक्याच्या नजरेपासून कुलूप हवेच. खटकते ते एवढेच की शेत आपले, पीक आपले आणि चावी मात्र आपल्या हाती नाही. बँकेच्या लॉकरला दोन चाव्या लागतात, एक बँकेची आणि एक आपली. नोंदीचे कुलूपही असेच असावे, हा आपला आग्रह असला पाहिजे.

नुसत्या शब्दावर विसंबू नका

कुलूप आहे असे म्हटले म्हणजे ते असतेच असे नाही. डीजेआयचे ड्रोन उडताना स्वतःची आणि चालकाची जागा सांगणारा एक संदेश हवेत सोडतात. हा संदेश कुलूपबंद आहे असे बराच काळ सांगितले जात होते. २०२२ साली तो उघडाच असल्याचे कंपनीने मान्य केले, आणि २०२३ मध्ये जर्मनीतील बोखुम येथील विद्यापीठाच्या व इतर संशोधकांनी तो कसा वाचता येतो हे दाखवून दिले. युक्रेनच्या युद्धात हा प्रश्न माणसांच्या जिवाशी आला होता, कारण चालक कोठे उभा आहे हेच त्यातून कळत होते.

दुसरे उदाहरण सवलत काढून घेण्याचे. २०२४ च्या जून महिन्यात याच कंपनीने अमेरिकेतील ग्राहकांना उड्डाणनोंदी आपल्या संगणकावर चढवण्याची सोय बंद केली. कारणे काही असोत, ज्यांनी आपल्या प्रती आधी उतरवून घेतल्या त्यांचे अडले नाही. दुसऱ्याच्या कोठारात ठेवलेले धान्य त्याच्या दाराच्या वेळेप्रमाणेच मिळते, तसे हे आहे.

आपल्या सरकारने ९ फेब्रुवारी २०२२ पासून परदेशी तयार ड्रोनच्या आयातीवर बंदी घातली आहे. संशोधन, संरक्षण व सुरक्षा यांना सवलत आहे आणि सुटे भाग आणता येतात. त्यामुळे फवारणीचे पुष्कळ ड्रोन देशी नावाने मिळतात. तरी देशी नाव आहे म्हणून नोंदीची चावीही इथेच असेल, असे गृहीत धरू नये. विचारून घ्यावे.

कायदा काय म्हणतो?

वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा ऑगस्ट २०२३ मध्ये झाला आणि त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये जाहीर झाले. तो टप्प्याटप्प्याने लागू व्हायचा आहे. माहिती गोळा करणाऱ्यांची कर्तव्ये आणि नागरिकांचे हक्क सांगणारा मुख्य भाग नियम जाहीर झाल्यानंतर १८ महिन्यांनी अमलात यायचा असे ठरले आहे. आपल्या नावाशी आणि नंबराशी जोडलेली माहिती कोणाकडे आहे हे विचारणे, चुकली असेल तर दुरुस्त करून घेणे, नको असेल तर पुसायला सांगणे, हे हक्क त्यात आहेत.

पण कायदा येईल आणि आपले काम होईल म्हणून बसून चालत नाही. ऊस काट्यावर गेला की आपण पावती मागतोच ना? पावतीशिवाय घरी येतो का? तसेच इथेही. फवारणीआधी चार ओळी लिहून घेतल्या तर पुढचे चार महिने चपला झिजवाव्या लागत नाहीत.

फवारणी ठरवताना हे करा

१. ड्रोनवर ओळख क्रमांक आहे का, चालकाकडे प्रमाणपत्र आहे का आणि विमा चालू आहे का, ते पाहा. तिन्ही क्रमांक आपल्या वहीत उतरून घ्या.

२. फवारणीची कल्पना ग्रामपंचायतीला आणि कृषी खात्याला किमान एक दिवस आधी द्या. शेजारच्या शेतकऱ्याला तर जरूर सांगा. बांधावरची अर्धी भांडणे न सांगितल्यामुळे होतात.

३. ड्रोनवाल्याला सरळ विचारा, "नोंद उघडी की कुलूपबंद? चावी कोणाकडे? माझ्या शेताची प्रत मला मिळेल का?" उत्तर टाळत असेल तर दुसरा ड्रोनवाला बघा.

४. फवारणी झाली की त्याच दिवशी नोंदीची मूळ फाइल मागून घ्या. नुसता मोबाइलच्या पडद्याचा फोटो पुरेसा नाही. फोटोच्या अंगठ्यावरून मूळ नोंदीची खात्री पटत नाही. शिवाय त्या उड्डाणाचा नकाशा आणि तक्ता, वाचता येईल अशा स्वरूपात, छापून किंवा मोबाइलवर घ्या. कुलूपबंद फाइलसोबत हा उघडा उतारा असला म्हणजे चावीवाचून अडत नाही.

५. वहीत तारीख, वेळ, गट नंबर, पीक, औषधाचे नाव, मात्रा, पाणी किती, वारा कोणत्या दिशेचा आणि कसा, हे लिहा. वाऱ्याची नोंद ड्रोन ठेवीलच असे नाही, ती आपणच ठेवायची. औषधाची रिकामी बाटली धुऊन निकामी करण्याआधी लेबलचा फोटो घ्या.

६. नुकसान दिसले तर वाट पाहू नका. तालुका कृषी अधिकाऱ्यांकडे लेखी अर्ज द्या, पंचनामा मागा, पानांचे फोटो तारखेसह घ्या. अर्जातच "ड्रोनची उड्डाणनोंद जपून ठेवण्याची सूचना द्यावी" अशी ओळ घाला आणि त्याची एक प्रत ड्रोनवाल्याला द्या, पोच घ्या. नोंद पुसली जाण्याआधी ती थांबवणे महत्त्वाचे.

चार ओळींची चिठ्ठी

ड्रोनवाल्याकडून पुढील मजकुरावर सही घ्यावी. साध्या कागदावर चालेल.

"गट नंबर ____ मध्ये दि. ____ रोजी केलेल्या फवारणीची उड्डाणनोंद मी शेतमालकास त्याच दिवशी देईन. नोंद कुलूपबंद असल्यास तिचा वाचता येणारा उताराही देईन. माझ्याकडील मूळ नोंद निदान एक वर्ष जपून ठेवीन. शेतमालकाच्या लेखी संमतीशिवाय, किंवा कायद्याने मागितल्याशिवाय, ही नोंद व शेतमालकाचे नाव-नंबर दुसऱ्या कोणास देणार नाही."

बचत गटाचा किंवा शेतकरी उत्पादक कंपनीचा ड्रोन असेल तर हीच चिठ्ठी गटाच्या ठरावात घालावी. गट नवा ड्रोन घेणार असेल तर पैसे भरण्याआधीच विक्रेत्याला लेखी विचारावे, की नोंद कोणत्या स्वरूपात मिळेल, चावी गटाला मिळेल का, नोंदी कोणत्या देशातील संगणकावर राहतील आणि कंपनी उद्या बंद पडली तर जुन्या नोंदी कशा उघडायच्या? यंत्राची हमी विचारतो, तशी नोंदीची हमीही विचारावी.

नेहमीचे तीन प्रश्न

"मला संगणक येत नाही, मी फाइल घेऊन काय करू?" आपल्याला सातबारा वाचता येत नसला तरी आपण तो जपून ठेवतोच की. वाचणारा मिळतो, पण पुसलेली नोंद परत मिळत नाही. फाइल पेनड्राइव्हवर घ्या, दुसरी प्रत घरातल्या शिकलेल्या मुलाच्या किंवा मुलीच्या मोबाइलमध्ये ठेवा.

"कुलूप तोडून देणारे लोक असतात म्हणतात, त्यांच्याकडून काढून घेऊ का?" नको. एक तर ते कायद्यात बसेल याची खात्री नाही. दुसरे असे की तोडफोड करून काढलेल्या नोंदीवर समोरचा लगेच बोट ठेवील. ड्रोनमालकाकडून, कंपनीकडून किंवा पोलीस व कोर्टामार्फत रीतसर मागावी.

"शेजाऱ्याने माझ्या ड्रोनची नोंद मागितली, तर द्यावी का?" आपले काम स्वच्छ असेल तर त्या दिवसापुरता, त्या बांधापुरता उतारा पंचांसमोर दाखवायला हरकत नसावी. सबंध हंगामाची फाइल मात्र देऊ नये, त्यात इतर शेतकऱ्यांचीही माहिती असते आणि ती वाटण्याचा अधिकार आपला नाही.

मंडळी, ड्रोन ही चांगली सोय आहे. औषधाच्या वासात उभे राहून छाती भरून घेण्यापेक्षा लांब उभे राहून फवारलेले केव्हाही बरे. मात्र यंत्र जितके हुशार, तितके त्याचे कागद सांभाळणे जरुरीचे. हे पत्रक वहीत लावून ठेवा, बचत गटाच्या किंवा सोसायटीच्या बैठकीत एकदा मोठ्याने वाचा, आणि पुढच्या फवारणीच्या दिवशी पैसे देण्याआधी नोंद मागायला विसरू नका.